शेजारी खुर्ची ओढा, मग सेटिंग उघडा

पत्र : मी एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात वरिष्ठ सहायक आहे. संगणकाची थोडी आवड असल्याने विभागातील चौदा संगणकांची देखभाल आपोआप माझ्याकडे आली आहे. तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक कनिष्ठ सहायक रुजू झाले. ते पूर्णतः दृष्टिहीन आहेत. मी त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए टाकले, शिवाय विंडोजमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली नॅरेटर, मॅग्निफायर, स्टिकी कीज असे जे जे दिसले ते सर्व सुरू करून दिले. तरीही निम्मे काम होत नाही असे ते म्हणतात आणि बराच वेळ नुसते बसून असतात. विभागातील एका ज्येष्ठ भगिनींना मधुमेहामुळे कमी दिसू लागले आहे, पण त्या ते बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या सेवानिवृत्तीस तीन वर्षे आहेत. आणखी एका सहकाऱ्याचा उजवा हात अपघातात निकामी झाला आहे. सर्व संगणकांवर एकच सर्वांना चालेल असे सेटिंग करून ठेवावे, असा माझा विचार आहे. साहेब म्हणतात, खर्चाचा विषय असेल तर नियम दाखवा. ते असेही म्हणतात की, दृष्टिहीन कर्मचाऱ्याला मॉनिटर कशाला, तो आवक-जावक टेबलाला द्या. मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण जे जे दिसले ते सर्व सुरू करून दिलेत, तेथूनच आरंभ करतो, कारण अडचणीचा एक भाग त्यातच दडलेला आहे. नॅरेटर आणि एनव्हीडीए हे दोन्ही स्क्रीन रीडर आहेत, म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणे हेच दोघांचे काम आहे. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर एकाच ओळीचे दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याला एकही शब्द धड कळत नाही. मॅग्निफायर पडदा मोठा करून इकडेतिकडे सरकवतो, त्याचा पूर्णतः दृष्टिहीन माणसाला काहीच उपयोग नाही. स्टिकी कीजमुळे शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबली तरी ती पुढच्या कळेपर्यंत दाबलेली मानली जाते, आणि ज्याचे सगळे काम कळफलकावरच चालते, त्याला न मागितलेली ही सोय पावलोपावली आडवी येते. आपल्या सहकाऱ्याच्या संगणकावर एनव्हीडीए तेवढे ठेवावे आणि बाकीचे सगळे बंद करावे. ते गेले तीन महिने याबद्दल काही बोलले नसतील, तर त्याचे कारण संकोच असावे. नव्याने रुजू झालेला माणूस, आपल्यासाठी कोणी एवढी खटपट केली आहे हे ठाऊक असताना, ‘हे काढा’ असे सहजासहजी म्हणत नाही.

यावरून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही निघते. सर्व संगणकांवर एकच सेटिंग करू नये. अशा सोयी त्या त्या माणसाच्या अंगाच्या मापाने बेतायच्या असतात. एका कर्मचाऱ्याला जे उपयोगी, ते दुसऱ्याला त्रासदायक असते. आणि विंडोजमध्ये यासाठी काही वेगळे करावे लागते असेही नाही. अक्षरांचा आकार, रंगसंगती, स्टिकी कीज यांसारख्या बहुतेक निवडी ज्याच्या त्याच्या यूजर खात्याशी जोडलेल्या असतात. अडचण एवढीच की आपल्या अनेक कार्यालयांत सगळा विभाग एकाच खात्यावर, एकाच सर्वांना पाठ असलेल्या पासवर्डवर काम करतो. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. ते सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अपेक्षितच आहे. मग एका टेबलावरचा माणूस उठून दुसरा बसला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

माझ्याकडूनही अशी चूक झालेली आहे, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात संगणकाचे काम पाहत असताना, एका सहकाऱ्याला बारीक अक्षर दिसत नाही असे समजले म्हणून मी त्यांच्या गैरहजेरीत डिस्प्लेचे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरील सगळ्याच गोष्टींचा आकार, शंभरावरून पावणेदोनशे टक्के करून ठेवले. अक्षरे छान मोठी झाली, परंतु देयकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील खिडकीचा तळ पडद्याबाहेर गेला आणि ‘सेव्ह’चे बटण तेथेच होते. त्या गृहस्थांनी दोन दिवस भरलेली माहिती साठवताच आली नाही, आणि चूक आपलीच असावी असे समजून ते गप्प राहिले. त्यांच्या शेजारी बसून पाच मिनिटे पाहिले असते, तर त्यांना त्या सॉफ्टवेअरमध्ये काही नकोच होते हे मला कळले असते. ते केवळ ईमेल वाचताना अडत होते.

म्हणून पहिले काम हे की, आपल्या दृष्टिहीन सहकाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि रोजचे एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना करू द्यावे. माउसला हात लावू नये. ते कोठे थांबतात, कोठे तीच कळ तीन-तीनदा दाबतात, कोठे आपल्याला विचारतात, ते कागदावर टिपून घ्यावे. एनव्हीडीए वापरण्यात ते बहुधा आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असतील, तेव्हा शिकवण्याच्या भूमिकेतून बसू नये. हे सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने सुरू केले, त्याला जेम्स टेह यांची साथ मिळाली, आणि महागडा स्क्रीन रीडर ज्यांना परवडत नाही त्यांना तो फुकट मिळावा हाच त्यामागचा हेतू होता. त्यामुळे ते वापरणाऱ्यांच्या सवयींभोवती घडलेले आहे आणि त्यात निवडण्याजोगे पुष्कळ आहे. बोलण्याचा वेग, आवाज, विरामचिन्हे किती वाचायची, टाइप केलेले प्रत्येक अक्षर ऐकायचे की पूर्ण शब्द, आज्ञांसाठी इन्सर्ट कळ वापरायची की कॅप्स लॉक, या सर्व बाबी त्यांनी स्वतः ठरवायच्या आहेत. त्यांनी ठेवलेला वेग आपल्याला अगम्य वाटेल आणि आवाज यंत्रासारखा कोरडा वाटेल, तरी तो ‘सुधारू’ नये. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. तो कानाला गोड नाही, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून कित्येक सराईत वापरकर्ते तोच पसंत करतात. हिंदी आवाजावर मराठी ऐकण्याची वेळ आली असेल तर उच्चार हिंदी वळणाचे होतात आणि नावे, आडनावे, गावे यांत घोटाळा होतो. तेव्हा मराठी आवाज उपलब्ध आहे हे त्यांना ठाऊक आहे ना, एवढे जरूर विचारावे.

आपल्याला जे करायचे आहे ते प्रशासकीय हक्कांच्या बाजूचे आहे, कारण ते पासवर्ड त्यांच्याकडे नसतात. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरून चालवलेले असेल तर ते संगणकावर रीतसर इन्स्टॉल करावे. पेन ड्राइव्हवरची प्रत परवानगी विचारणाऱ्या काळोख्या खिडकीपाशी मुकी होते. त्याच्या सामान्य सेटिंगमध्ये साइन-इन करतानाही एनव्हीडीए सुरू राहावे असा पर्याय आहे, तो लावावा, म्हणजे सकाळी पासवर्ड टाकण्यासाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही. त्यांच्या आवडीचा आवाज आणि वेग त्या पडद्यावरही यावा यासाठी ‘सध्याची सेटिंग्ज साइन-इनच्या वेळी वापरा’ अशा अर्थाचे बटण तेथेच आहे. पासवर्ड टाकताना अक्षरांऐवजी ‘स्टार’ असे ऐकू येते, त्यामुळे शेजाऱ्याने ऐकल्याची भीती नको. अँटीव्हायरसने एनव्हीडीएला अडवू नये याची नोंद करून घ्यावी. ध्वनी बंद ठेवण्याची सूचना नेटवर्कवरून सगळ्या संगणकांना दिलेली असल्यास हा एक संगणक त्यातून वगळावा. बँकेसारख्या दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर रिमोट पद्धतीने काम करावे लागत असेल तर लक्षात ठेवावे की, तिकडचा पडदा इकडे केवळ चित्र म्हणून येतो आणि इकडच्या एनव्हीडीएला त्यात वाचण्यासारखे काही सापडत नाही. तेथे दोन्ही संगणकांवर एनव्हीडीए असणे आणि त्यातील रिमोट जोडणी वापरणे हा मार्ग आहे, आणि २०२५ च्या आवृत्तीपासून ती सोय त्याच्या आतच दिलेली आहे. जावावर चालणारे जुने सॉफ्टवेअर असेल तर जावा ॲक्सेस ब्रिज हा दोघांना जोडणारा दुवा सुरू केल्याशिवाय स्क्रीन रीडरला त्यातील काही दिसत नाही, आणि केवळ तेवढ्या एका कारणाने ‘हे सॉफ्टवेअर अंधांना चालत नाही’ असा शेरा बसलेला मी पाहिला आहे.

आणि फॉरमॅट. देखभाल कराराचा माणूस येतो, संगणक मंद झाला आहे असे म्हणतो आणि कोणाला न विचारता फॉरमॅट मारून जातो. इतरांचे त्यात डेस्कटॉपवरचे चार फोल्डर जातात. आपल्या या सहकाऱ्याचे मात्र महिनोन् महिने बसवलेले आवाज, उच्चारांचा स्वतःचा शब्दकोश, जोडलेली ॲड-ऑन असे सगळेच जाते आणि नवा संगणक त्यांच्याशी बोलतच नाही. एनव्हीडीएच्या साधनांच्या मेनूत पोर्टेबल प्रत तयार करण्याची सोय आहे. त्या प्रतीत त्यांची सर्व सेटिंग्ज येतात. अशी प्रत दर तिमाहीस काढून सर्व्हरवर ठेवावी, आणि ‘लेखी सूचनेशिवाय फॉरमॅट करू नये’ अशी चिठ्ठी त्या सीपीयूवर चिकटवावी. चिठ्ठीला कोणी हसले तर हसू द्यावे.

येथपर्यंतचे काम एका दुपारचे आहे. ‘निम्मे काम होत नाही’ असे ते म्हणतात, त्या निम्म्याचे मूळ मात्र सेटिंगमध्ये नसून आपण सर्वांनी तयार केलेल्या फायलींमध्ये आहे, असा माझा बराचसा पक्का तर्क आहे. आपल्या विभागातील देयकांचे नमुने, टिपणीचे मसुदे, स्मरणपत्रे ही कोणत्या फाँटमध्ये आहेत ते पाहावे. कृतिदेव, श्रीलिपी किंवा तशाच जुन्या वळणाचा फाँट असेल तर अडचण तेथेच आहे. अशा फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, परंतु फायलीच्या आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरे आहेत. फाँट त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवतो, आणि स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, तो आतले वाचतो. आपले सहकारी अशी टिपणी उघडतात तेव्हा त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत निरर्थक इंग्रजी ऐकू येते. जगातले कोणतेही ॲक्सेसिबिलिटी सेटिंग यावर चालणार नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : मजकूर निवडून त्याला एरियल हा फाँट द्यावा. मराठी मराठीच राहिली तर तो युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, आहे, आणि इंग्रजी अक्षरांची भेळ झाली तर जुना फाँट आहे.

मात्र यासाठी सगळे अभिलेख कक्ष उलथेपालथे करण्याची गरज नाही. मागील वीस वर्षांच्या फायली आहेत तशा राहू द्याव्यात. रोज लागणारे वीस-पंचवीस नमुने निवडून ते परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावेत आणि नंतर एका माणसाने ते मूळ कागदाशी ताडून पाहावेत, कारण जोडाक्षरे आणि अंक यांत परिवर्तक हमखास चुकतात, आणि वित्त विभागात एक अंक चुकणे म्हणजे काय ते आपल्याला मी सांगायला नको. यापुढे सर्वांनी विंडोजमधील मराठी कळफलकावर युनिकोडमध्येच टंकलेखन करावे. जुन्या टंकयंत्राच्या वळणाची बोटे असलेल्या काही ज्येष्ठांना ते जड जाईल, त्यांना युनिकोडमध्येच रेमिंग्टन मांडणी देणारी साधनेही आहेत, तेव्हा बोटांची सवय सोडायला लावण्याची सक्ती नको.

दुसरी सवय स्कॅनची. पत्र वर्डमध्ये टंकलिखित होते, छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन होऊन व्हॉट्सॲपच्या गटावर पडते. आरंभी अक्षर होते, शेवटी छायाचित्र उरले. सही असलेली प्रत अभिलेखासाठी लागते हे मान्य, परंतु तिच्यासोबत मूळ वर्डची फाईलही पाठवण्यास कोणाची हरकत नसते. कोणी मागितलेली नसते, एवढेच. आपल्या विभागापुरते हे उद्यापासून सुरू करता येईल. पंचायत समित्यांकडून येणाऱ्या पत्रांसाठी एक परिपत्रकवजा विनंती काढावी. जे छायाचित्र म्हणूनच येते ते गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास त्यातील देवनागरी मजकूर पुष्कळसा बाहेर काढता येतो. कार्यालयीन गोपनीयतेचा विचार करून, जे कागद बाहेर पाठवण्यास हरकत नाही, त्यांच्यापुरताच हा उपाय करावा.

एक्सेलबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल, कारण आपला विभाग त्यावरच चालतो. शीर्षक मधोमध दिसावे म्हणून पाच-सहा सेल एकत्र करणे, दोन गटांमध्ये शोभेसाठी रिकामी ओळ सोडणे, प्रलंबित देयके केवळ लाल रंगाने दाखवणे, या गोष्टी पाहणाऱ्याला सोयीच्या वाटतात. ऐकणाऱ्याला मात्र एकत्र केलेल्या सेलमुळे आपण कोणत्या रकान्यात आहोत ते समजत नाही, रिकाम्या ओळीपाशी तक्ता संपला असे वाटते, आणि लाल रंग तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एक स्वतंत्र रकाना घेऊन त्यात ‘प्रलंबित’ असा शब्द लिहावा. त्यामुळे फिल्टरही लावता येईल, आणि रंगांधळेपण असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचीही सोय होईल, जो बहुधा आपल्या विभागात आहे आणि ज्याची आपल्याला कल्पना नाही. शीर्षकांची ओळ एकच ठेवावी. मग पहिल्या शीर्षकाच्या सेलवर एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि सी ही अक्षरकळ एकत्र दाबली की पुढे एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना आकड्यासोबत त्या रकान्याचे नाव ऐकू येते. नुसते ‘अठरा हजार चारशे’ ऐकणे आणि ‘निव्वळ देय, अठरा हजार चारशे’ ऐकणे यांत किती फरक पडतो ते आपण स्वतः डोळे मिटून ऐकावे. वर्ड आणि एक्सेल या दोहोंत ‘रिव्ह्यू’ या टॅबखाली ॲक्सेसिबिलिटी तपासण्याचे बटण असते. ते एकत्रित सेल, मजकुराविना टाकलेली चित्रे यांसारखे दोष दाखवते. जुन्या फाँटचा दोष मात्र ते पकडत नाही.

वेब-पोर्टलांचे काय, असा प्रश्न उरतो. तेथे आपल्या हाती थोडेच आहे. पोर्टलवर टाइप केलेले अक्षर रकान्यात न उतरता पानावर भलतीकडे उडी बसत असेल, तर कळफलक बिघडलेला नाही. एनव्हीडीए तेव्हा वाचनाच्या पद्धतीत आहे, इन्सर्ट आणि स्पेस दाबले की ते लिहिण्याच्या पद्धतीत येते. हे त्यांना माहीत असणारच, पण मदतीला धावणाऱ्या सहकाऱ्यांना माहीत नसते आणि ते उगाच कळफलक बदलून देतात. नाव न दिलेली बटणे, केवळ चित्रातला कॅप्चा, माउसशिवाय न उघडणारे दिनांकाचे कॅलेंडर, काही मिनिटांत आपोआप बाहेर काढणारे सत्र, हे दोष पोर्टल बनवणाऱ्यानेच दुरुस्त करायचे असतात. त्या पानाचे नाव, तेथे कोणती कृती करायची होती आणि स्क्रीन रीडर काय बोलला, एवढे तीन मुद्दे लिहून पुरवठादाराला किंवा संबंधित कक्षाला पत्र पाठवावे. ‘चालत नाही’ अशा तक्रारीवर ‘आमच्याकडे चालते’ असे उत्तर येते, परंतु ‘बटणावर गेल्यावर केवळ बटण एवढेच ऐकू येते’ असे लिहिले की ते टाळता येत नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक नेमके याच विषयाचे आहे, त्याचा उल्लेख पत्रात आणि पुढील निविदेच्या अटींत अवश्य करावा. डिजिटल सहीचे टोकन वापरताना पिनची खिडकी कधी कधी मागे लपते आणि ऐकू येत नाही. तेव्हा ऑल्ट-टॅबने ती पुढे आणता येते. पिन मात्र त्यांनी स्वतःच टाकावा. ‘द्या, मी टाकतो’ ही मदत नव्हे.

आता त्या ज्येष्ठ भगिनींविषयी. त्या बोलत नाहीत याचे कारण भीती असावे, आणि ती भीती कायद्याने निराधार ठरवलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. धारण केलेल्या पदाचे काम त्याला जमेनासे झाले तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे त्या व्यक्तीपुरत्या निर्माण केलेल्या जादा, पदावर ठेवावे लागते. हे आपण त्यांना एकट्यात, सहज बोलता बोलता सांगावे. विभागासमोर त्यांच्या संगणकाची अक्षरे मोठी करून देऊ नयेत. विंडोज आणि यू या कळा एकत्र दाबल्या की ॲक्सेसिबिलिटीचे पान उघडते, ते त्यांना एकदा दाखवावे आणि बाजूला व्हावे.

मधुमेहातील दृष्टीचा विशेष हा की ती दिवसभर सारखी राहत नाही. रक्तातील साखरेबरोबर ती कमी-अधिक होते, म्हणून सकाळी पुरे असलेले अक्षर दुपारी पुरत नाही. त्यामुळे एकदाच काही करून देण्यापेक्षा कमी-जास्त करण्याच्या कळा त्यांच्या हाताला बसणे महत्त्वाचे आहे. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक चिन्ह, संपूर्ण पडद्यासाठी विंडोज आणि अधिक चिन्ह, आणि मॅग्निफायर बंद करण्यासाठी विंडोज आणि एस्केप. केवळ अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची पट्टी वेगळी आहे आणि मी वर सांगितलेले स्केलिंग वेगळे आहे. आधी पट्टी वापरून पाहावी. माउसचा बाण मोठा आणि ठळक रंगाचा करावा. काहींना पांढऱ्या पार्श्वभूमीचा झगमगाट सोसत नाही, त्यांच्यासाठी काळ्या पार्श्वभूमीच्या कॉन्ट्रास्ट थीम आहेत, पण त्या आवडतीलच असे नाही. सेटिंगच्या आधी एकदा त्यांच्या टेबलाकडेही पाहावे. पाठीमागे खिडकी असेल आणि तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडत असेल तर टेबल काटकोनात फिरवणे हे कोणत्याही थीमपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

हात निकामी झालेल्या सहकाऱ्यासाठी मात्र, जे दृष्टिहीन सहकाऱ्याला अडथळा ठरत होते ते स्टिकी कीज हवेच आहे, कारण कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एका हाताने एकाच वेळी दाबता येत नाहीत, स्टिकी कीजमुळे त्या एकामागून एक दाबता येतात. शिफ्ट पाच वेळा दाबली की ते सुरू होते. माउस डावीकडे घेऊन त्याची बटणे उलटी करावीत, कळ चुकून दोनदा उमटत असेल तर फिल्टर कीज लावावे. लांब टिपण्यांसाठी फोनवरील जीबोर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टंकलिखित करता येते. विरामचिन्हे नंतर हाताने घालावी लागतात, तरी निम्मे श्रम वाचतात. यापलीकडे काय हवे ते तेच सांगतील. त्यांच्या बाबतीत आपण फारसे काही लिहिलेले नाही, तेव्हा त्यांनाही विचारावे.

साहेबांना दाखवण्याच्या नियमाविषयी. नव्या सहकाऱ्यांचे पद दिव्यांग आरक्षणातून भरले गेले असेल, तर वर सांगितलेल्या ज्या अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये त्या आरक्षणाचे किमान ४ टक्के प्रमाण दिले आहे, त्याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी आणि अडथळामुक्त वातावरण पुरवावे असे म्हटले आहे. आरक्षणाचे कलम लागू आणि सोयींचे कलम ऐच्छिक, असे होत नाही. वाजवी सोय म्हणजे आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता त्या विशिष्ट प्रकरणी आवश्यक तो योग्य बदल, अशा आशयाची व्याख्या कलम २ मध्ये आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील लेखनिकाच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब विस्ताराने मांडली की, सोय त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरवावी लागते. सर्वांना एकच सेटिंग नको असे मी म्हणतो, त्यामागे हेही आहे. टिपणीत कलम २० चा उल्लेख करून आपण एक चांगला हेडफोन, ठळक अक्षरांचा कळफलक, भगिनींसाठी मोठा मॉनिटर आणि डाव्या हाताचा माउस अशी मागणी सादर करावी. स्क्रीन रीडरचा खर्च शून्य आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, कारण ‘खर्चाचा विषय’ म्हटले की साहेबांच्या डोळ्यांसमोर लाखभर रुपये येत असणार. कलम २३ नुसार आपल्या आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तो कोण आहे याची चौकशी टिपणीसोबतच केल्यास टिपणी लवकर परत येते, असा माझा अनुभव आहे. कळा आणि सेटिंग यांचे प्रशिक्षण हवे असेल तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र किंवा वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) यांच्याशी पत्रव्यवहार करता येईल.

राहिला मॉनिटर. तो जावक टेबलाला देऊ नये. एनव्हीडीए अडकले आणि आवाज बंद पडला तर काय झाले ते पाहण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी पडदा लागतो. देयकावर आपली आणि त्यांची चर्चा होईल तेव्हा आपल्याला तो लागेल. एनव्हीडीएच्या साधनांच्या मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. तो उघडला की जे बोलले जाते ते अक्षरांतही दिसते, आणि शेजारी बसलेल्या आपल्यासारख्याला त्या वेगाचे बोलणे समजते ते तेवढ्यानेच. एखादे गोपनीय काम करताना पडदा काळा ठेवायचा असेल तर ‘स्क्रीन कर्टन’ त्यांनी स्वतः लावावा. तो लावलेला असताना चित्रातला मजकूर ओळखून वाचण्याची एनव्हीडीएची सोय चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. जावक टेबलाला मॉनिटर कमी असेल तर त्यासाठी वेगळी टिपणी टाकावी.